तिघांचा फोटो

माझ्या नवऱ्याने काढलेले फोटो बघायला बसलात तर तुमची एक अख्खी सुट्टी जाईल. त्यात तो स्वतः कुठे आहे हे शोधायला बसलात तर दुसरीही जाईल, कारण आत्ताआत्तापर्यंत तो कुठेच नव्हता. लग्नाचा अल्बम सोडला तर सुशांत राऊळ नावाचा माणूस आमच्या घरात राहतो याला पुरावा नव्हता. फोटो काढणारा फोटोत नसतो, असं तो म्हणतो. मी म्हणते, तू घरात तरी कुठे असतोस?

तसा तो घरातच असतो, जाणार कुठे? चिंचपोकळी स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर आमची चाळ, दुसरा मजला, तेवीस नंबर. दहा बाय पंधराची खोली. त्यात सुशांत, मी आणि माझ्या सासूबाई रखमा राऊळ. सुशांत शिवडीला एका गोदामात स्टोअरकीपर आहे, मी दादरला साड्यांच्या दुकानात काउंटरवर असते. सासूबाई खिडकीखालच्या पलंगावर, आणि तिथून खोलीतली एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटत नाही. बावीस वर्षांत मी ह्या घरात दार लावून, एकटीने, निवांत साडी नेसलेली नाही. लोकांना साड्या नेसवून दाखवायच्या आणि स्वतः मोरीत कोंबून घ्यायची, हा माझा संसार. राग येतो. रोज येतो, आणि सहा पावलांत भिंत लागते, म्हणून तिथल्या तिथे जिरवावा लागतो.

सुशांतला राग येत नाही. त्याला लेन्स येतात.

बारा वर्षांपूर्वी गोदामातल्या एकाने नवीन कॅमेरा घेतला आणि जुना ह्याच्या गळ्यात घातला. तिथून हे खूळ सुरू झालं. नवीन लेन्स आमच्या ऐपतीतली नव्हती, म्हणून हा जुन्यांच्या मागे लागला. फिल्मच्या जमान्यातल्या, हाताला जड, स्वतः रिंग फिरवून फोकस करायच्या. मध्ये एक चकती बसवली की त्या ह्याच्या कॅमेऱ्यावर चालतात. मोबाईलवर जाहिरात बघायची आणि विकणाऱ्याला दादरला पुलाखाली भेटायचं. एकदा मी बरोबर होते. ह्याने खिशातून टॉर्च काढला, लेन्सच्या आत उजेड पाडला, एक डोळा मिटून आत बुरशी आहे का बघितलं, मग रिंग कानाशी नेऊन फिरवली. वीस मिनिटं. मला बघायला आला होता तेव्हा चहा संपेपर्यंत ह्याने मान वर केली नव्हती.

मुंबईच्या हवेत लेन्सला बुरशी धरते. म्हणून त्या घट्ट झाकणाच्या डब्यात राहतात, आणि डब्यात बुटांच्या खोक्यात येतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या. चाळीत कोणी नवीन बूट घेतले की पुडी न सांगता आमच्याकडे येते. सगळ्यांत लाडकी म्हणजे एक रशियन लेन्स. तिच्या आत कोपऱ्यात बुरशीचा ठिपका आहे, उजेडाकडे धरली की फोटोवर दुधाळ पदर येतो, कडेची माणसं जराशी विरघळतात. तिचे सगळे दोष मला पाठ आहेत, कारण दर रविवारी मला ते ऐकावे लागतात. माझे दोष तो कधी बोलत नाही, एवढं मात्र खरं.

आणि प्रिंटर. तो लोखंडी कपाटावर बसतो. दोन-चार दिवस चालवला नाही की शाई सुकते आणि लाल रंग रुसतो, म्हणून बुधवारी आणि रविवारी काही ना काही छापायचंच. छापलेला कागद लगेच हाताळायचा नाही. मग पलंगावर फोटो, वॉशिंग मशीनच्या झाकणावर फोटो, ओट्यावर फोटो. तासभर कोणी कुठे टेकायचं नाही. आम्ही तिघं आमच्याच खोलीत पाहुण्यासारखे उभे. मी तोंड सोडते, सासूबाई माझ्याहून जास्त सोडतात. मग कधीतरी नजर खाली जाते आणि ओट्यावर सासूबाईंचे हात दिसतात, सोडे निवडणारे, एकेक सुरकुती मोजता येईल असे. तेव्हा मी गप्प बसते. माझ्या नवऱ्याला बघता येतं, हे मी नाकारत नाही.

एकदा मी विचारलं होतं, "काय मिळतं रे तुला?"

"कॅमेऱ्याला डोळा लावला की खोली संपते," तो म्हणाला.

खोली संपवायचे दुसरे मार्ग होते की. विरारला जागा बघितली होती, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ज्या खोलीतून माझे मालक गेले तिथूनच मी जाणार. सुशांतने ऐकलं. मग चाळीचा पुनर्विकास होणार म्हणून पंधरा वर्षं थांबलो. एक बिल्डर आला, गेला. दुसऱ्याने नारळ फोडला, गेला. तिसरा गेल्या वर्षी आला तो खरा निघाला. त्याच्या ऑफिसने दोन याद्या केल्या. ज्यांचे कागद पुरे ते पहिल्या यादीत, त्यांना लगेच तात्पुरती जागा आणि पहिल्या इमारतीत दोन खोल्यांचं घर. ज्यांच्या कागदात काही अडलं ते दुसऱ्या यादीत, आणि दुसरी इमारत कधी होईल ते त्या बिल्डरलाही ठाऊक नसेल. दोन खोल्या! म्हणजे मधे एक दार. मी त्या दारासाठी काय वाटेल ते केलं असतं.

कागदांत एक कागद होता फोटोचा. खोलीच्या दारात राहणाऱ्या सगळ्यांनी एकत्र उभं राहून काढलेला, एकच फोटो, खोलीचा नंबर दिसेल असा. लोकांनी मोबाईलवर काढले आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणले. सुशांत म्हणाला, आपण नीट काढू. नीट म्हणजे रशियन लेन्स, दहा सेकंदांचा टायमर, आणि ठेवणीतला जाड कागद. स्टुलावर पत्र्याचा डबा, डब्यावर कॅमेरा. पहिल्यांदाच तो स्वतः काढलेल्या फोटोत येणार होता.

सासूबाईंनी पदर सारखा केला, दारात आल्या, आम्हाला बघितलं आणि मागे फिरल्या.

"तिघांचो फोटो काढूचो नाय."

हे मला माहीत होतं. तिघांचा फोटो काढला की मधलं माणूस राहत नाही, अशी समजूत. आमच्याकडे ती नुसती समजूत नाही. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी गावी एका लग्नात फोटोवाल्याने आम्हा तिघांना उभं केलं होतं. सुशांत एका बाजूला, सासूबाई एका बाजूला, मी मधे. मला चौथा महिना होता. फोटो पोस्टाने घरी आला तेव्हा मी हॉस्पिटलातून रिकामी परत आले होते. सासूबाईंनी तो फोटो गॅसवर धरून जाळला. त्यानंतर आणखी एकदा राहिले आणि तेही गेलं, त्या वेळी तर कोणी फोटो काढला नव्हता. डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं, लिहून दिलं होतं. मी सासूबाईंना शंभर वेळा सुनावलं, फोटोने माणूस जात नाही, मी असलं काही मानत नाही. त्या ऐकून घ्यायच्या. पण त्यानंतर आमच्या घरात तिघांचा फोटो झाला नाही. आम्ही दोघी उभ्या राहायचो आणि सुशांत काढायचा.

"मग आता काय करायचं, आई?" सुशांत म्हणाला. "राहणारे तिघंच आहेत."

सासूबाईंनी गॅलरीत मान काढली. "लवू, हयसर ये रे."

लवूमामा म्हणजे सासूबाईंचे मावसभाऊ. नऊ वर्षांपूर्वी डोळ्याच्या ऑपरेशनला पंधरा दिवसांसाठी आले, ते गॅलरीत आमच्या दारासमोर पथारी टाकून राहिले. लग्न झालेलं नाही, गावात पुतण्याचं घर आहे. सकाळी दूध आणतात, संध्याकाळी सासूबाईंशी भांडतात, बाकी त्यांचा त्रास नाही.

"कित्याक गो, बाय?"

"फोटोक उभो रव."

मामांनी बनियनवर शर्ट चढवला. चौघं झाले. मी हसले, म्हटलं सुटलो बाई. सुशांतला तर आनंदच झाला. तिघांत एक बाजू रिकामी पडत होती, म्हणाला, आता फ्रेम भरली. त्याने मामांना मधे घेतलं, त्यांचा हात सासूबाईंच्या खांद्यावर ठेवला, माझा खांदा त्यांच्या पुढे आणला. फोटो इतका देखणा आला की ऑफिसातल्या बाईंनी विचारलं, कुठल्या स्टुडिओतला? सुशांत दोन दिवस चाळीत ताठ मानेने फिरत होता. मामांनी एक प्रत मागून घेतली आणि उशीखाली ठेवली.

तीन आठवड्यांनी ऑफिसातून फोन आला. रेशनकार्डावर तीन नावं, फोटोत चार माणसं. हे चौथे कोण?

सुशांत सांगायला गेला की ते पाहुणे आहेत. ऑफिसातला माणूस म्हणाला, पाहुणे नऊ वर्षं राहतात का? चाळीत त्यांनी आधीच विचारणा केली होती, आणि शेजाऱ्यांनी जे खरं ते सांगितलं. आता हे गृहस्थ उद्या हक्क सांगायला आले तर? एक तर त्यांची सही आणा, माझा ह्या खोलीवर हक्क नाही म्हणून. नाहीतर दुसरी यादी.

मामा म्हणाले, "माका काय नको. खंय सही करू?" पण सही करायच्या आदल्या दिवशी त्यांनी पुतण्याला फोन करून सगळं कौतुकाने सांगितलं. मुंबईतल्या खोलीच्या कागदावर आपला फोटो लागलाय, आणि तो कसा झकास आलाय. पुतण्या म्हणाला, काका, मी येईपर्यंत कशावर सही करायची नाही. मामा दोन दिवस आमच्या नजरेला नजर देईनात. तिसऱ्या दिवशी दूध आणून ठेवलं आणि पिशवी घेऊन गावी गेले. भांडण नाही, काही नाही. उशीखालचा फोटो बरोबर नेला.

माझं डोकं फिरलं होतं. "कापून टाक त्यांना," मी सुशांतला म्हटलं. त्याने संध्याकाळभर कॉम्प्युटरवर बसून बघितलं. मामा बरोबर मधे. सासूबाईंच्या खांद्यावर हात, माझ्या खांद्यामागे अर्धी छाती. त्यांना काढलं की आमच्या दोघींचे तुकडे पडत होते. आणि ऑफिसवाल्याने बजावलंच होतं, चौघांचा फोटो आम्ही बघितलेला आहे, कापाकापी चालणार नाही.

"मी फ्रेम भरायला गेलो," सुशांत म्हणाला. नऊ वर्षांत एकदा चौथं माणूस घरात मोजलं गेलं आणि त्याच्यापायी घर जायची वेळ आली. सुशांतच्या चेहऱ्याकडे बघून वाटलं, त्यालाही तेच आठवलं असावं. चौथं यायचं होतं आमच्याकडे. दोनदा यायचं होतं.

तो परत ऑफिसात गेला, हातापाया पडला म्हणा. शेवटी तो माणूस म्हणाला, ते गृहस्थ आता इथे राहत नाहीत ना, मग नवीन फोटो द्या. फक्त कार्डावरचे तिघं. आम्ही आजच्या तारखेची पाटी देतो, ती हातात धरून काढा आणि बारा वाजेपर्यंत पाटी आणि फोटो परत करा. यादी आज बंद होते.

सुशांत साडेनऊला पाटी घेऊन घरी आला. मी दुकानात कळवलं, उशीर होईल. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या. सुशांतने त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मी ह्यांचो फोटो हातात धरतंय, म्हणजे चार होतले. माझे सासरे भिंतीवर आहेत, हार घातलेले. सुशांतने ऑफिसला फोन लावून तेही विचारलं. मयताचा फोटो नको, वारसाचा घोळ होतो, असं उत्तर आलं.

दहा वाजले. सव्वादहा वाजले. मी घड्याळाकडे बघत होते आणि ह्या बाईच्या हट्टापायी माझं दार चाललंय असं मनात म्हणत होते.

सासूबाई उठल्या. भिंतीला धरून दारात गेल्या.

"पाटी दी," म्हणाल्या. "लाव तुझा टायमर."

सुशांतने स्टूल लावलं. गॅलरीत उजेड कमी, म्हणून लेन्स पूर्ण उघडली. असं केलं की एकाच जागचं नीट दिसतं, पुढचं-मागचं धूसर. तो म्हणाला, मी मधे राहतो, मी उंच आहे, फोटोला बरं. आवाज साधा ठेवला होता, पण मला कळलं तो काय करतोय ते.

"तू एकटोच उरलंस माका. बाजूक हो," सासूबाई म्हणाल्या.

आता माझी पाळी होती. माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. मी थांबते मधे, माझा ह्यावर विश्वास नाही. वीस वर्षं मी हेच म्हणत आले होते, आणि ते खरं करायला एक पाऊल पुरे होतं. पण ते पाऊल माझ्याने उचललं नाही. मी उंबऱ्याच्या डाव्या अंगाला उभी होते, तिथेच राहिले.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. पाटी छातीशी धरून त्या मधे उभ्या राहिल्या.

"तेवा तुका हाताक धरून मधी उभी केलंय ती मीच," त्या म्हणाल्या. "आता माका रवांदे."

सुशांतने त्यांच्या डोळ्यांवर फोकस धरला, बटण दाबलं आणि धावत येऊन उजवीकडे उभा राहिला. कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत होता. दहा सेकंद. तेवढ्या वेळात मी काहीही करू शकले असते. नाही हो, तुमची काही चूक नव्हती, असं म्हणू शकले असते. ते खरंच होतं, डॉक्टरांचा कागद होता. मी समोर लेन्सकडे बघत राहिले.

प्रिंट काढून, वाळायची वाट न बघता, सुशांत बारा वाजायच्या आत पोचला. पहिल्या यादीत आमचं नाव लागलं. पुढच्या महिन्यात परळला तात्पुरत्या जागेत जायचंय, सामान बांधायला काढलंय. सासूबाई ठणठणीत आहेत. मजेत जेवतात, भांडतात, बोचक्यांवर बसून मी काय फेकतेय ते बघतात. पण त्यांना साधा ठसका लागला तरी माझे हात थांबतात. ह्या महिन्यात मी त्यांना तीनदा ब्लडप्रेशर मोजायला नेलं. "तुका काय झाला गो?" असं त्या विचारतात. मला लाज वाटते, आणि ती ज्यांना सांगायची त्या समोरच बसलेल्या असतात.

परवा रविवारी सुशांतने लाल रंग रुसू नये म्हणून तोच फोटो पुन्हा छापला, मोठा, आणि पलंगावर ठेवला. आम्ही दोघं उभे होतो. सासूबाई शेजारी गेल्या होत्या. तो वाकून बघत होता, एखादी लेन्स विकत घेताना बघतो तसा. मधे सासूबाई, पाटी, डोळे लख्ख. उजवीकडे तो त्यांना अगदी चिकटून. डावीकडे त्यांच्या आणि माझ्यामध्ये वीतभर जागा.

"टायमर लावला तेव्हा तू जवळ होतीस," तो म्हणाला. "नंतर सरकलीस का गं?"

"मी कशाला सरकू?" मी म्हटलं. "लेन्सचं असेल ते."

त्याने माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं त्याने त्या लेन्सचा एकेक दोष मला सांगितला आहे.

"असेल," तो म्हणाला, आणि फोटो वाळायला तसाच राहू दिला.